शेगडी कुठल्या हाताला

१४ सप्टेंबर, रविवार

उखडून टाकलं सगळं! ओटा, सिंक, कपाटं, खालची कुजकी फळी — सगळं बाहेर गवतात पडलंय आणि मी रिकाम्या ट्रेलरच्या मधोमध बादली पालथी घालून बसलेय. एकोणीस फुटांचं चाकावरचं घर. वास ओल्या कुत्र्याचा आणि जळक्या तेलाचा. विकणारा म्हणाला होता, 'मागच्या बाजूला जरासं ओलं आहे.' जरासं! बोट लावलं तर भिंतीत गेलं.

सतरा दिवस उरलेत. एक ऑक्टोबरला आईचं घर रिकामं करून द्यायचंय, मालकाने ते विकलं. त्या सकाळी व्हर्ना गाडी घेऊन येणार. व्हर्ना म्हणजे माझी थोरली बहीण, जगातली एकमेव व्यक्ती जिची सगळी कामं वेळेत होतात. तिने तिच्या गावातल्या वृद्धाश्रमात आईसाठी खोली धरून ठेवलीय. खिडकी आहे, टीव्ही आहे. शेगडी नाही. 'चटका बसायला नको.'

एकतीस वर्षं शाळेच्या कॅन्टीनमध्ये चारशे पोरांना जेवायला घातलेली बाई. आणि शेगडी नाही!

आईच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आलाय. कडेचं अंधुक दिसतं, समोरचं नाही. माझ्याकडे बघायचं तर माझ्या कानाकडे बघते. तरी घरात अजून सगळं स्वतः करते, हाताच्या सवयीने. परवा मी म्हटलं, आई, माझ्याबरोबर चल, ट्रेलर घेतलाय, थंडी पडायच्या आत दक्षिणेला जाऊ.  ती म्हणाली, 'त्यात माझी कॉफी मला माझ्या हाताने करता आली तर येईन. नाहीतर व्हर्नाबरोबर जाईन. तुझ्यावर ओझं म्हणून नाही येणार.'

एवढीच अट. एक कप कॉफी.


१५ सप्टेंबर

पिझ्झाच्या खोक्यावर तीन नकाशे काढले. एक — स्वयंपाकघर पुढे, ट्रेलरच्या नाकाशी. दोन — मध्ये, भिंतीला लागून. तीन — मागे, इंग्रजी यू अक्षरासारखं, मोठ्या खिडकीखाली सिंक.

मग एक मांजर आलं, पिवळं, एक कान अर्धा. त्याला डब्यातले सार्डिन मासे दिले. एक तास गेला.


१६ सप्टेंबर

मागचंच! ठरलं! आज आईकडे जाऊन तिचं स्वयंपाकघर टेपने मोजलं आणि अंगावर काटा आला. दारातून आत गेलं की समोर खिडकी, खिडकीखाली सिंक, डाव्या हाताला शेगडी, उजव्या हाताला फडताळ, त्यावर कॉफीचा डबा. आणि ट्रेलरच्या मागच्या टोकाला — समोर खिडकी, डावी भिंत, उजवी भिंत. तेच घर, फक्त छोटं! इंचाइंचाने तसंच बांधते. तिला कळणारसुद्धा नाही की घर बदललं.

मी मोजत होते तेव्हा ती कॉफी करत होती. तिचं जुनं भांडं, वर काचेची टोपी, आत बुडबुडे. ती बुडबुडे बघत नाही, ऐकते. 'आता झाली,' म्हणाली आणि डावा हात बरोबर बटणावर. मी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला, गंमत म्हणून. 'मार्नी, वारा घालू नकोस,' म्हणाली.


१७ सप्टेंबर

ट्रेलरच्या या तळावर तीन गाड्या सोडून पलीकडे एल्डन राहतो. सत्तरी उलटलेला. वीस वर्षं इंडियाना राज्यात ट्रेलरच्या कारखान्यात होता, ओटे बसवायचा. रोज कॉफीचा मग घेऊन माझ्या दाराशी येऊन उभा राहतो आणि माझ्या स्क्रूंवर हसतो.

आज नकाशा बघितला. 'छान आहे. लोखंडी शेगडी मागे, फ्रिज मागे, पाण्याची टाकीही मागेच?'

म्हटलं, हो, सिंकच्या खाली. नळी छोटी लागते.

'हं,' म्हणाला. 'पोरी, तुझं शिक्षण किती?'

'दहावी अर्धी.'

'त्या अर्ध्यात वजनाचा धडा नव्हता वाटतं.' आणि गेला! त्याला वाटतं शहाणपण थेंबाथेंबाने द्यायचं असतं. मला ऐकायला वेळ नाही, मी ड्रिल चालू केलं. चौदा दिवस.


१८ सप्टेंबर

प्लायवुड कापलं. अंगठाही थोडा.


१९ सप्टेंबर

व्हर्नाचा फोन. 'ठरलं का तुझं? की नेहमीसारखं?' नेहमीसारखं म्हणजे काय ते तिने सांगायची गरज नव्हती. आईचे डोळे गेले त्या वर्षी मी बीटच्या काढणीला उत्तरेत, मग वाळवंटात, मग कुठे तर कुठे. तीन नाताळ घरी आले नाही. 'पाखरं बरी,' व्हर्ना म्हणाली, 'ती ठरल्या वेळी तरी परत येतात.'

  ड्रिल चालू केलं म्हणजे तिला वाटावं कामात आहे.


२० सप्टेंबर

झालं!! शेगडी बसली, सिंक बसलं, फ्रिज बसला. टाकी भरून बघितली, एक थेंब गळला नाही. कॉफीच्या डब्यासाठी उजवीकडे फळी, आईच्या फळीच्याच उंचीवर, छातीपासून दोन बोटं खाली. डोळे मिटून आत गेले, डावा हात पुढे केला — शेगडी! उजवा — फळी! एकटीच नाचले. मांजर पळालं.

उद्या रस्त्यावर काढून बघायचा. एल्डन म्हणाला मागून येतो.


२१ सप्टेंबर, रविवार

अक्षर बघ कसं आलंय.

गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर ताशी पंचेचाळीस मैलांपर्यंत ठीक. पन्नासला मागे काहीतरी हललं. पंचावन्नला समोरून धान्याचा ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलरचा मागचा भाग एका बाजूला गेला, मग दुसऱ्या बाजूला, मग आणखी जास्त — आरशात मला माझंच घर एकदा डावीकडे दिसत होतं, एकदा उजवीकडे! ट्रेलर ओढणारी माझी पिकअप गाडी रस्त्यावरून उचलल्यासारखी. स्टिअरिंग हातात होतं पण चालवत मी नव्हते. फोनवर एल्डन ओरडत होता, 'ब्रेक मारू नकोस! पाय काढ! हात सरळ!' पाय काढला. हात सरळ. शेवटी मक्याच्या शेताच्या कडेला, एक चाक चरात, थांबलं.

मी उतरले आणि चाकामागे दगड लावला.

एल्डन आला, ट्रेलरभोवती एक फेरी मारली, पुढचा जोड पिकअपपासून सोडवला आणि त्याखाली हात घालून नाक उचललं. एका हाताने! म्हातारा माणूस, एका हाताने. 'बघ. नाक हलकं, शेपूट जड. चाकांच्या मागे सगळा संसार टांगलास. ते शेपूट झोका खेळणारच, तुला घेऊन.'

'आधी का नाही सांगितलं?'

'सांगितलं. तू ड्रिल चालू केलंस.'

आई आत बसलेली असती तर. आई आत बसलेली असती तर. आई आत


२२ सप्टेंबर

सकाळभर मागचं सगळं पुन्हा काढलं. त्याच स्क्रूंनी रडवलं जे मी इतके घट्ट बसवले होते.

एल्डनने पेन्सिल घेतली. जड सगळं चाकांवर, म्हणजे मधोमध. पलंग मागे, टेबल पुढे. ओटा दाराच्या समोरच्या भिंतीला. गॅसच्या टाक्या नाकावर, तेव्हा शेगडी पुढच्या टोकाला.

मी त्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. पुढचं टोक उजवीकडे येतं.

'डावीकडे हवी शेगडी,' म्हटलं.

'डावीकडे पलंग आहे. उशाशी शेगडी ठेवतेस? पांघरूण पेटवायला?'

'मग दाराच्या भिंतीला लावू ओटा! तिकडे तोंड केलं की शेगडी डावीकडे येते.'

एल्डनने पेन्सिल खाली ठेवली. 'दार त्या भिंतीच्या मधोमध आहे. शेगडी दाराला चिकटून. पेटलं, तर तुझी आई बाहेर पडणार कुठून? आगीतून? कारखान्यात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे — आग आणि दार यांची दोस्ती करायची नाही.'

सात नकाशे काढले आज. आठ. प्रत्येकात एक तर आपण रस्त्यावर मरतो, नाहीतर जळून मरतो, नाहीतर शेगडी उजवीकडे.

शेगडी उजवीकडे. सगळं आरशातल्यासारखं उलटं. तिचा डावा हात सिंकमध्ये जाणार, आणि ज्या हाताने ती डबा शोधणार तो हात आगीवर.


२३ सप्टेंबर, मंगळवार

आधी लाकडाला हात लावायचा नाही, एल्डन म्हणाला, आधी खोकी. कारखान्यात असंच करायचे. तळावरच्या सिमेंटवर निळ्या चिकटपट्टीने ट्रेलरची रेघ मारली, बरोबर मापाची, दारासकट. आत खोकी रचली. शेगडीचं खोकं, सिंकचं खोकं, फ्रिजचं उभं खोकं. शेगडीवर चार काळी वर्तुळं काढली, का कोण जाणे, आईला ती दिसणार थोडीच.

आईला आणलं. चांगला कोट घातला होता तिने! केसाला पिन. एल्डनने टोपी काढली. दोन-तीन शेजारी खुर्च्या टाकून बसले, त्यांना हाकलायला हवं होतं मी.

'आई, दारातून चढायचं, दोन पावलं, समोर ओटा. शेगडी उजव्या हाताला.'

'उजव्या,' ती म्हणाली.

दोन पावलं टाकली. खरं भांडं दिलं होतं हातात, पाणी भरून. तिने ते डावीकडे ठेवलं. हवेत. तिथे खोकं संपत होतं. भांडं सिमेंटवर आपटलं, काचेची टोपी फुटली, पाणी तिच्या बुटांवर.

'पुन्हा,' म्हणाली. पुन्हा डावीकडे. पुन्हा. चौथ्या वेळी स्वतःला मोठ्याने सांगत होती, 'उजवा, उजवा,' आणि हात डावीकडेच गेला. तिने त्या हाताला दुसऱ्या हाताने चापट मारली. लहान पोराला मारतात तशी.

शेजाऱ्यांतलं कुणीतरी म्हणालं, 'बिचारी.' आईचे कान चांगले आहेत.

नंतर ती उलट्या बादलीवर बसून होती आणि खोक्यांवरून हात फिरवत होती, वीत-वीत करत, टोकापासून टोकापर्यंत. मला वाटलं आधार शोधतेय. मग म्हणाली, 'घरी सोड मला, मार्नी.'

 गाडीतून उतरताना माझ्या कानाकडे बघून म्हणाली, 'टोपी काही तू नाही फोडलीस.'


२४ सप्टेंबर

आईचा फोन आला. उचलला नाही. काय सांगू?


२५ सप्टेंबर

पुन्हा आला. नाही उचलला.

निळ्या पट्टीचं रीळ सापडत नाही. काल अख्खा दिवस शोधलं. एल्डन म्हणाला ट्रेलरमध्ये हरवलेली वस्तू म्हणजे ट्रेलरने खाल्लेली वस्तू. त्याच्या गोष्टी चालू झाल्या — एकदा कारखान्यात कुणीतरी स्वतःचं सँडविच भिंतीच्या आत विसरलं आणि भिंत बंद झाली; ते घर पुढे कुठे कुठे फिरलं असेल. मी हसले. मग आठवलं आणि थांबले.


२६ सप्टेंबर, शुक्रवार

व्हर्नाचा फोन. ती आज आईकडे जाऊन आली, आवराआवर करायला. आवाज वेगळाच होता, टोमणा नाही, भीती.

'मार्नी, आई डोक्यातून गेलीय.'

'म्हणजे?'

'विजेची छोटी शेगडी उजवीकडे कपडे धुण्याच्या मशीनवर मांडलीय. साबण जिथे असायचा तिथे कॉफीचा डबा. बशा भलत्याच कपाटात. टेबल ओढून स्वयंपाकघराच्या मधोमध. मी गेले तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि आकडे मोजत होती. एक दोन, एक दोन. खऱ्या शेगडीकडे पाठ! मी विचारलं आई काय करतेस, तर म्हणते तुझं तू बघ. हाताला भाजलंय, मार्नी. मनगटावर फोड आहे, एवढा.'

मी ड्रिल खाली ठेवलं.

'तू तिला त्या खोक्यांत उभं केलंस म्हणे. लोकांसमोर. सगळं विस्कटलं तिच्या डोक्यातलं. एकच ठिकाण होतं जे तिला डोळे मिटून माहीत होतं, तेही घालवलंस.'

खरंय. खरंय ना. तीस वर्षं तिच्या हातात बसलेलं एक स्वयंपाकघर, आणि मी एका दुपारी ते उलटं करून तिच्या हातात दिलं.


२७ सप्टेंबर

हुडहुडी. सगळ्यांची गाड्या आवरायची घाई. हंस जातायत दक्षिणेला, मोठी रांग, मध्ये एक जागा रिकामी.

लहानपणी सोमवारी कॅन्टीनमध्ये चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल असायचे. बाहेरून आलेल्या लोकांना हसू येतं, तिखट आणि गोड एका ताटात! आई रांगेत मला बघायची पण ओळख द्यायची नाही, सगळ्यांसारखाच एक रोल. फक्त माझ्या रोलचा मधला मऊ तुकडा नेहमी मोठा असायचा. कसं करायची? त्या चारशेंत माझा तुकडा कसा ओळखायची?

हे मी का लिहितेय. ओटा बसवायचा राहिलाय. बसवून तरी काय करू.


२८ सप्टेंबर

एल्डन बोलावल्याशिवाय आला आणि ओटा बसवायला लागला. चाकांवर, शेगडी उजवीकडे, नकाशाप्रमाणे. म्हटलं, राहू दे, ती येत नाहीये.

'तरी गॅसची नळी उघडी ठेवून जाणार नाहीस ना?'

मग मीही स्क्रू धरले. खोक्यांच्या मापाचं सगळं, इंचभरही इकडे-तिकडे नाही. सवयीने कॉफीची फळीही लावली, छातीपासून दोन बोटं खाली, आता डावीकडे. वेडेपणा. रस्त्यावर फिरवून आणला: साठला सुद्धा रेषेसारखा सरळ. आता सरळ!


२९ सप्टेंबर

ट्रेलरला 'विकणे आहे' पाटी लावली.

व्हर्नाचा निरोप: 'बुधवारी सकाळी नऊला ये. घर म्हणून नाही तर निदान सामान वाहायला तरी तो ट्रेलर आण. तिची पेटी माझ्या गाडीत मावत नाही.'

हमाल. ठीक आहे. तेवढं तरी करते.


३० सप्टेंबर

आईला फोन केला. सहा दिवसांनी. म्हटलं, माफ कर. ती म्हणाली, 'गाडी कुठे लावणार आहेस उद्या? दार अंगणाकडे येऊ दे.' मला वाटलं पेटी चढवायला सोपं जावं म्हणून. म्हटलं, हो. 'गॅस भरलाय?' हेही विचारलं. मी म्हटलं, आई, आता गॅसचं काय. ती 'बरं' म्हणाली आणि फोन ठेवला.

खरंच गेलीय डोक्यातून.

गॅस भरलाय मात्र.


१ ऑक्टोबर, बुधवार

व्हर्ना आणि मी पेटी चढवून परत आत आलो, टेबल आणि भोवतीचं सामान हटवलं, आणि खाली जमिनीवर निळी पट्टी. माझं हरवलेलं रीळ आईने नेलं होतं! ट्रेलरच्या मधल्या भागाची रेघ, दार, ओट्याची कड, बरोबर खोक्यांच्या मापाची. दाराच्या खुणेपासून आत दोन पावलांएवढी जमीन घासून चकचकीत झालेली. मशीनवरची शेगडी त्या रेघेच्या उजव्या टोकाला.

व्हर्ना म्हणाली, 'आई कुठे आहे?' आणि तेवढ्यात बाहेरून कॉफीचा वास आला.

धावले. ट्रेलरचं दार उघडं. आई ओट्यासमोर, उजवा हात शेगडीच्या बटणावर, मनगटाला पट्टी, मान तिरकी करून बुडबुडे ऐकत. भांड्यावर टोपी म्हणून बशी.

'तू फोन उचलत नव्हतीस,' ती मागे न वळता म्हणाली. 'सांगणार होते, सराव चालू आहे. तीन कप काढलेत. व्हर्नाला म्हणावं आत ये, पण बूट बाहेर काढ. हे माझं स्वयंपाकघर आहे.'